दोनदा दिलेली सूचना

भाईदासनं तीनशे माणसं बाटवली, अशी बातमी मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या गावात उठली. सकाळी दूध घेताना ती तीनशे होती. संध्याकाळी दळण आणायला गेले तर पाचशेवर गेलेली, आणि सोबत पुरावाही आलेला. म्हणे त्याच्या गच्चीवर जी काळी टाकी आहे तिच्यात तो माणसाला शेंडीपर्यंत बुडवतो आणि वर काढतो तो ख्रिस्ती करूनच.

मी त्याची भिंतीला भिंत लावून शेजारीण. त्या टाकीचं झाकण वावटळीत उडालं ते माझ्या तुळशीवर येऊन पडलं होतं, त्यामुळे तिची खडान्‌खडा माहिती मला आहे. आमच्याकडे नळ येतो आठवड्यातून एकदा. त्या टाकीत माणूस बुडवायला गेलात तर बिचाऱ्याचे घोटे तेवढे ओले होतील. आणि बाटवलेल्यांचा खरा आकडा विचाराल तर तो शून्य आहे. दहा-अकरा वर्षं हा माणूस येशूबद्दल बोलत होता आणि त्याला एक माणूस मिळाला नाही. बायको नाही, पोरगी नाही, ज्या रिक्षेत बसून बोलायचा तिच्या टपावरची 'कानबाईमाता प्रसन्न' ही अक्षरंसुद्धा हलली नाहीत, कारण ती त्याच्या बायकोनं, द्रौपदाबाईनं, रंगवून घेतलेली. इतकं अपयश पदरी घेऊन दुसरा कोणी असता तर त्यानं धंदा बदलला असता. विमा विकणारेही एवढा धीर धरत नाहीत.

आमचं गाव पाचोऱ्याच्या अंगानं, बाजाराचं. धड खेडं नाही, धड शहर नाही. अशा गावात कोण वारलं, कोणत्या दुकानात सेल लागला, नळ उद्याही का येणार नाही, हे कळायला भोंग्याची रिक्षा लागते, आणि भोंग्यामागे आवाज लागतो. तो आवाज भाईदासचा. हरिनाम सप्ताह असो, उरूस असो, बुद्धजयंतीची मिरवणूक असो, पुकारणार भाईदासच. जनाज्याची वेळ तो अशा नेटक्या उर्दूत सांगायचा की त्याचा दोस्त नूर महंमद, जो भोंगे आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, तो म्हणायचा, भाईदास पुकारणार असेल तर मरायलाही हरकत नाही. 'अल्पशा आजाराने' हे शब्द म्हणण्याआधी तो जो क्षणभर थांबायचा, तेवढ्यात बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या. कोण गं, कोण? मग नाव यायचं. त्याच्या धंद्याचा नियम एकच: सूचना दोनदा द्यायची. पहिल्यांदा लोक कान वळवतात, ऐकतात ते दुसऱ्यांदा.

गावाची फेरी संपली की तो बाजारचौकात रिक्षा उभी करायचा आणि मग पाचेक मिनिटं आपलं स्वतःचं बोलायचा. त्याला तो 'साक्ष' म्हणायचा. गोष्ट नेहमी तीच. माझा आवाज गेला होता, सहा महिने मी मुका होतो, प्रभूनं तो परत दिला, म्हणून मी त्याचं नाव घेतो, तुम्हाला घ्यावंसं वाटलं तर घ्या. भजीवाला तेवढ्यात नवा घाणा काढायचा. रिकामे म्हातारे घड्याळ लावून घ्यायचे. मी घरी असले तर खिडकी लावायची, कारण माझी मालिका लागायची वेळ तीच. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारायची, 'काय भाईदासभाऊ, काल कितीक गळाला लागले?' तो हसून म्हणायचा, 'तुम्ही खिडकी लावली वहिनी, तेवढं ऐकू आलं.'

त्याचा आवाज गेला होता हे मात्र सोळा आणे खरं. एका निवडणुकीत त्यानं सगळ्याच पक्षांचा प्रचार एकट्यानं केला, सकाळी एकाचा, दुपारी त्याच्या वैऱ्याचा, आणि निकालाच्या दिवशी घसा बसला तो बसलाच. धुळ्याच्या डॉक्टरकडे खेपा झाल्या. द्रौपदाबाईनं कानबाईला नवस केला. मी हळद-मिठाच्या गुळण्या सांगितल्या. आणि त्याच सुमारास नवापूरकडचा एक पास्टर कुठल्याशा नातेवाइकाकडे आला होता, त्यानं गळ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्याच आठवड्यात आवाज फुटला. आता श्रेय कोणाचं यावर आजही भांडण आहे. डॉक्टर म्हणतात गोळ्यांनी. मी माझ्या गुळण्यांचा हक्क सोडलेला नाही. द्रौपदाबाईचं दुःख सर्वांत मोठं. ती म्हणायची, 'नवस मी करा, अन् नाव व्हयनं येशूनं.' पण गळा ज्याचा त्यानं ठरवलं, आणि तो ज्याचा झाला त्याचा झाला.

तो काही सगळाच देवमाणूस होता असं नाही. माझ्या सासूबाई तालुक्याच्या दवाखान्यात शेवटच्या दुखण्याला होत्या. हा भेटायला आला आणि खाटेशी उभा राहून त्यानं डोळे मिटले, सुरू झाला. बाजारचौकातून माणूस चालता होऊ शकतो. सलाईन लावलेली म्हातारी कुठं जाणार? त्या मला खुणावू लागल्या, ह्याला हाकल. मी हाकललं. जिन्यात गाठून चांगलं फैलावर घेतलं, की पाय ज्याचे जागेवर आहेत त्यालाच तुझा देव सांगत जा. तो ऐकून गेला. परत कोणाच्या खाटेशी उभा राहिला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं. दुसरं हेही, की दुसऱ्याच्या देवाला त्यानं कधी वाकडा शब्द लावला नाही. सप्ताहाचं काम त्याच्याचकडे असायचं, पोटावर पाय कोण मारून घेईल?

आता कानबाईचं सांगते, कारण सगळी गाठ तिथं बसली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. भाऊबंदांची मिळून एक. तिच्या रोटांसाठी भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन मुठीनं गहू मोजतात, ते दळून रोट होतात, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. थोडक्यात, ज्याच्या नावाची मूठ पडली तो आपला. भाईदासच्या भाऊबंदांत मूठ मोजायचा मान त्याच्या थोरल्या चुलतभावाचा, नथ्थू आबांचा. भाईदास येशूचा झाल्यावर त्यानं रोट खाणं सोडलं. आबांनी मूठ टाकणं सोडलं नाही. म्हणायचे, पोरगं रुसलं म्हणून त्याचं ताट कोणी मोडीत काढत नाही. मग दरवर्षी त्याच्या वाटणीचे रोट द्रौपदाबाई खायची, रडत खायची आणि दुप्पट खायची. मी तिला म्हणायची, 'बाई, हा असाच राहिला तर तुझी कानबाई होईल, पाटावर बसवावी लागेल.' ती मला लाटणं दाखवायची.

सगळं असं चाललं होतं. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं आणि कोणी कोणाचं तोंड धरत नव्हतं. मला वाटतं गावं अशीच चालतात.

मग त्या उन्हाळ्यात कोणीतरी चौकात त्याचा व्हिडिओ काढला. तो म्हणाला होता, माझ्या देवानं मला आवाज दिला, तुमचा देव तुम्हाला काय देतो ते तुम्ही सांगा, मी ऐकायला बसतो. कापाकापी करणाऱ्यानं पुढचं-मागचं उडवलं आणि 'तुमचा देव तुम्हाला काय देतो' एवढंच ठेवलं. वर लाल बाण, खाली तीनशेचा आकडा. तो कुठून आला ते काढणाऱ्यालाच ठाऊक. दोन दिवसांत तो व्हिडिओ ज्याच्या त्याच्या हातात होता. जी माणसं वर्षानुवर्षं त्याच्यासमोर भजी खात उभी होती त्यांच्याही भावना मागच्या तारखेनं दुखल्या. ठाण्यात तक्रार गेली. साहेबांनी त्याला बोलावून चहा पाजला आणि सांगितलं की भोंग्याची परवानगी सूचनांपुरती आहे, जपून. एवढ्यावर मिटलंही असतं.

पण व्हिडिओ नरडाण्याला पोचला. आणि नरडाण्याला सपनाचं लग्न ठरलेलं होतं.

सपना ही भाईदासची एकुलती एक पोरगी. फार्मसी शिकून इथल्याच मेडिकलवर बसते, डॉक्टरची चिठ्ठी उलटी धरली तरी वाचते. मुलगा हितेंद्र, नरडाण्याच्या एमआयडीसीत कारखान्यात सुपरवायझर. दोघांचं एका लग्नाच्या पंगतीत जमलं, मग घरच्यांनी जमवलं. पोरगा सरळ. इतका सरळ, की त्याचा कणा मामांनी हातात धरलेला. वडील लहानपणीच वारले, मामांनी वाढवलं, त्यामुळे घरात मामांच्या खोकल्यावर चूल पेटते आणि विझते.

ते मामा जीपमधून आले. मी चहा द्यायच्या निमित्तानं द्रौपदाबाईच्या स्वयंपाकघरात होते, निमित्त मला लागतं असंही नाही. मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं, भाईदास आवाजात कोणाला हार जाणारा नव्हता. त्यांनी शांतपणे सांगितलं की पोरीबद्दल आमची काही तक्रार नाही, देवाणघेवाण आम्हाला नको, पण आमच्या गावात लोक विचारतात, व्याही कोणाचे? तेव्हा दोन गोष्टी व्हाव्यात. भाऊबंदांनी यंदा मूठ टाकलेली आम्हाला कळली पाहिजे. आणि ज्या तोंडानं ते बोलले त्याच तोंडानं, त्याच भोंग्यावर, त्याच चौकात, चूक झाली, परत बोलणार नाही, असं सांगितलं पाहिजे. कानबाईच्या आत. नाहीतर आम्ही दुसरीकडे बघू.

द्रौपदाबाई तशीच चप्पल न घालता आबांकडे गेली. आबांकडे वेगळंच वाढून ठेवलेलं. भाऊबंदांतली तरणी पोरं, ज्यांना परवापर्यंत रोट म्हटलं की शिळ्याचा वास यायचा, ती आता कानबाईची राखणदार झाली होती. त्यांनी आबांना सांगून टाकलं होतं की यंदा त्या माणसाची मूठ पडली तर आम्ही आमची वेगळी कानबाई बसवू. आबा म्हातारे, डोळ्यांना कमी दिसतं, पोरांच्या मोटारसायकलवर बसून दवाखान्यात जाणारे. ते द्रौपदाबाईला एवढंच म्हणाले की भाईदासनं पुकारलं तर मी मूठ टाकीन, नाही पुकारलं तर मला टाकू देणार नाहीत.

पुढचे आठ-दहा दिवस त्या घरात भांड्याचा आवाज आला तरी दचकायला व्हायचं. भाईदास फेरीला जायचा, कोणाच्या सेलची सूचना द्यायचा, आणि चौकात न थांबता घरी यायचा. ओट्यावर बसून राहायचा. मी दोनदा टोमणा मारून पाहिला, वरच्यावर गेला.

मागच्या गल्लीतला प्रशील वकील एका संध्याकाळी मुद्दाम येऊन बसला. जळगावच्या कोर्टात चांगलं नाव आहे त्याचं. नूर महंमदही होता. प्रशीलचं म्हणणं असं, की घटनेत धर्म मानणं, पाळणं आणि त्याचा प्रसार करणं, असे तिन्ही शब्द आहेत आणि तिसरा काही छपाईत चुकून पडलेला नाही. लालूच दाखवली, धाक घातला, फसवलं तर गुन्हा. पण नुसतं बोलला तर ते बोलणंच. कोणाला आवडो न आवडो. मी मध्ये बोलल्याशिवाय कशी राहणार? म्हटलं, अरे, पण मला ऐकायचं नसेल तर? तो म्हणाला, 'मावशी, खिडकी तुमची आहे, लावा. तोंड त्यांचं आहे.' मी दवाखान्याची गोष्ट काढली, तर म्हणाला, तिथं तुम्ही हाकललंत ते बरोबरच, तिथं खिडकी नव्हती.

मग तो म्हणाला की त्याचे आजोबा खांद्यावर झोळी टाकून खेडोपाडी हिंडायचे, जुनं सोडा, बुद्धाच्या वाटेनं या, असं सांगत. एका गावात त्यांना दगड पडले, कपाळावरची खूण मरेपर्यंत होती. 'आजोबांना तेव्हा कोणी म्हटलंच असेल की लोकांच्या भावना दुखतात, गप बसा. ते गप बसले असते तर मी आज तुमच्यासमोर कोट घालून बसलो नसतो. मला भाईदासभाऊंचा देव पटत नाही. पण उद्या माझी पाळी आली तर मी कोणत्या तोंडानं बोलू?'

नूर महंमद इतका वेळ कुठल्याशा भोंग्याची तार गुंडाळत होता. तो म्हणाला, 'वकीलसाब, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही कोर्टात बोलता, हा चौकात बोलतो. कोर्टात पंखा आहे.' त्यालाही भीती होती. आज ह्याचा भोंगा, उद्या कोणाचा, हे त्याच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

भाईदासनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की केस लढवली तर जिंकू का. प्रशील म्हणाला, जिंकू. किती दिवसांत? प्रशीलनं दिवस नाही, वर्षं सांगितली. लग्न दिवाळीनंतरचं धरलेलं होतं.

सपना तोवर आत होती. रोज फोनवर हितेंद्रशी बोलायची. आधी बोलता बोलता हसू यायचं, आता नुसते हुंकार यायचे. हितेंद्र म्हणे रडतो, जेवत नाही, पण मामांपुढे बोलत नाही. ती बाहेर आली आणि सगळ्यांसमोर बापाच्या पायाशी बसली. आमच्या गल्लीत वाढलेली पोर, शिकली म्हणून घरात आडपडदा नाही.

'आप्पा,' ती म्हणाली, 'तुमना देव माफ करस ना? मंग त्याले एकदाव माफ करू द्या. हितेंद्रना मामा माफ करनार नहीत.'

भाईदासनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी तेव्हा पदर डोळ्याला लावला होता आणि माझी थट्टा कोणी करू नये म्हणून धूर झाल्याचं सोंग करत होते. त्या घरात गॅस आहे हे सगळ्यांना माहीत.

गहू मोजायच्या आदल्या दिवशी, बाजाराच्या दिवशीच, तो निघाला. मजकूर भाऊबंदांतल्या पोरांनी लिहून दिला होता, त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या त्या त्यानं आधी दुरुस्त केल्या. नूर महंमद रिक्षा चालवायला बसला, कारण भाईदासच्या एका हातात कागद होता, दुसऱ्यात माइक. मी भाजी घ्यायला गेले होते. भाजी घरात होती, पण गेले.

'सर्व नागरिक बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, मी भाईदास, बाजारचौकात आजवर जे बोलत आलो ते चुकीने बोललो. कोणाचं मन दुखलं असल्यास क्षमा मागतो. यापुढे मी ते बोलणार नाही.'

आवाज तोच. खणखणीत, एकेक अक्षर सुटं. तो कुठं अडखळला नाही, कुठं गहिवरला नाही. दुसऱ्या कोणाची तरी सूचना देतोय असं वाटावं. आणि गंमत बघा, गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, पण बघा: सगळा बाजार थांबला. भजीवाल्यानं कढई उतरवून ठेवली. वांग्याच्या ढिगावरचा भाव थांबला. बायांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. इतकी वर्षं ज्याला गावानं पाच मिनिटं उसनी दिली नव्हती, त्याला त्या दिवशी अख्ख्या बाजारानं कान दिले. भाईदासनं चौफेर पाहिलं. तेवढी गर्दी त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. मला क्षणभर वाटलं, हा आता बोलतो. नूर महंमदलाही तेच वाटलं असावं, त्यानं इंजिन चालू केलं.

भाईदासनं हात करून त्याला थांबवलं. आणि तोच मजकूर पहिल्यापासून परत वाचला.

दोनदा वाचायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नूर महंमद मला नंतर म्हणाला, की पुढच्या चौकात मी त्याला विनवलं, अरे एकदा बस झालं. तर म्हणतो, सूचना दोनदाच द्यायची असते. गावातल्या प्रत्येक चौकात तो दोन-दोनदा बोलला. घरी आल्यावर माइकची वायर नीट गुंडाळून ठेवली.

आबांनी मूठ टाकली. म्हणे इतकी घट्ट मूठ होती की उघडायला त्यांना वेळ लागला. रविवारी कानबाई बसली, आणि पोरांनी आणखी एक कलम आयत्या वेळी जोडलं, की मूठ पडलीय तर त्यानं पंगतीत बसून रोट खाल्लाही पाहिजे, सगळ्यांदेखत. मी भाऊबंद नाही, त्यामुळे मला तिथं प्रवेश नाही. हे द्रौपदाबाईनं मला सांगितलं. तो बसला. घास मोडला. खाल्ला. पोरांपैकी एकानं फोन वर धरला होता, नरडाण्याला पाठवायला.

दहा वर्षं या एका घासासाठी तिनं उपास केले होते. भांडली होती, माहेरी निघून गेली होती, कानबाईपुढे डोकं आपटलं होतं. आता तो खात होता आणि तिला बघवेना. ती तोंड भिंतीकडे करून बसली. मला म्हणाली, 'वहिनी, तो असा खात व्हता जशी कोनी दवाई पाजी राह्यनं.' त्या वर्षी ती स्वतः एकच रोट खाऊ शकली. मला थट्टा सुचली नाही.

साखरपुडा झाला. नरडाण्याहून फोन येऊ लागले, सपनाचं हसू परत भिंतीतून ऐकू येऊ लागलं. ती चोरून हसायची, पण हसायची. तिला दोष देणारी मी कोण? पोरगी आहे, तिला तिचं घर हवं होतं.

भाईदासनं मात्र भोंगा उतरवला. पहिल्यांदा वाटलं, चार दिवस लाजेनं बसलाय. सप्ताहवाले आले, तो नाही म्हणाला. उरूसवाले आले, नाही. बंब गल्लीतले एक शेठ वारले, मोठं घर, त्यांची माणसं गाडी घेऊन आली. त्यानं हात जोडले. लोकांनी लगेच बातमी काढली की पुन्हा आवाज गेला. खोटं होतं. घरात तो बोलायचा, पाणी दे, दार लाव, एवढं बोलायचा. द्रौपदाबाईनं धुळ्याच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, गळा तरण्या पोरासारखा आहे.

तो जिनिंगवर जाऊ लागला, कापसाच्या गाठी हलवायला. पन्नाशीचा माणूस, संध्याकाळी केसांत, भुवयांत कापूस घेऊन यायचा आणि म्हातारा दिसायचा. गावातल्या सूचना आता जळगावहून भरून आणलेल्या एका बाईच्या आवाजात फिरतात. ती मयताचं नाव आणि साडीचा सेल एकाच सुरात सांगते. मागे तिनं एकाची अंत्ययात्रा 'आकर्षक' पद्धतीनं निघेल असं सांगितलं. खरंच सांगितलं की कोणी उठवलंय, खात्री नाही, पण आता दारात येऊन कोणी थांबत नाही हे मी पाहिलेलं आहे.

दिवाळीच्या फराळाला द्रौपदाबाई माझ्याकडे आली आणि चकलीचा सोऱ्या हातात धरून रडायला लागली. म्हणाली, वहिनी, तुमचं तो ऐकतो, त्याला म्हणा की घरात तरी बोल. त्याच्या येशूचं बोल. मी दार लावून बसते, मी ऐकते. ही बाई, जिनं त्याचं बायबलचं काळं पुस्तक एकदा बंबात घालायला काढलं होतं. मी निरोप दिला. भाईदास म्हणाला, गावाला शब्द दिलाय, दोनदा दिलाय. तिच्याहीपुढे तो बोलला नाही. जेवणाआधी पूर्वी ओठ हलायचे, तेही मी भिंतीवरून पाहिलं आहे, आता हलत नाहीत. देवाशी मनातल्या मनात बोलत असेल तर ते मला कळायला मार्ग नाही, आणि गावालाही नाही, तेवढं एक बरं.

सपनाचं लग्न लागलं, हे आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. नवरा-नवरी नरडाण्याला सुखात आहेत, पोरगी तिथंही मेडिकलवर बसते. पण लग्नाच्या मांडवात अक्षता पडायच्या थोडं आधी जे झालं ते सांगायचं राहिलं.

आमच्याकडे लग्नात माइकवरून पुकारायला माणूस लागतो. कोण आले, कोणाचा सत्कार, वर कुठं अडकला, मामांनी अंतरपाट धरायला यावं. जो माणूस ठरवला होता त्याची गाडी पारोळ्याजवळ बंद पडली. वऱ्हाड उन्हात, भटजी घड्याळ बघतायत. तेव्हा हितेंद्रचे मामा फेटा सावरत स्वतः माइक घेऊन भाईदासकडे आले. मन मोकळं होतं त्यांचं, खोटं कशाला सांगू, त्यांच्या लेखी मागचं सगळं मिटलेलं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की व्याही, तुमचा आवाज आमच्या नरडाण्यापर्यंत गाजलाय, घरचंच कार्य आहे, तुमच्या पोरीचं लग्न तुम्हीच पुकारा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी मान हलवली, पुकार रे. द्रौपदाबाईनं माझा दंड धरला, तिची नखं मला रुतली. सपना मुंडावळ्यांच्या आडून बापाकडे बघत होती. नूर महंमदनं भोंग्याचा आवाज हळूच कमी केला, काय होईल त्याला माहीत नव्हतं.

भाईदासनं माइक हातात घेतला. जुन्या सवयीनं बोटानं एकदा टकटक केलं, मांडवात तो ठोका घुमला आणि सगळे गप झाले. मग त्यानं खालचं बटण बंद केलं आणि माइक मामांच्या हातात परत ठेवला. भोंग्याशिवायच बोलला, पण शेवटच्या रांगेतल्या माझ्या नणंदेलाही ऐकू गेलं.

'मामा, मन्हं तोंड एकच शे. देवनं येगळं अन् गावनं येगळं, असं दोन नही. तुम्ही बंद ठेव सांगं, ते मी बंद ठेवेल शे.'